खोट्या घराची सफाई

आदरणीय व्याहीबुवांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडल्यावर पेन धरता येत नाही, म्हणून आधी नमस्कार उरकला आणि मग लिहायला बसलो, तरी दोन्ही एकाच वेळी घडलं असं समजावं.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? नव्या पट्ट्याने फरक पडला, की तोही दाराच्या मागे लटकून राहिलाय? रक्तदाब मोजता का? शेवटचा आकडा काय आला होता? हे मी उगाच विचारत नाही. म्हणजे उगाचच विचारतोय. पण हे पत्र वाचायला घेण्याआधी दोन घास पोटात असावेत आणि कुठेतरी नीट टेकून बसावं, अशी नम्र विनंती आहे. तसं खास काही कारण नाही. पत्र लांब आहे, इतकंच.

फोन असताना पुन्हा पत्र कशाला, हा प्रश्न तुमच्यासारख्या निवृत्त हेडमास्तरांना पडणारच. फोनवर तुम्ही माझं दुसरं वाक्य पुरं होऊ देत नाही (तक्रार नाही, निरीक्षण आहे), आणि ही हकिकत पहिल्यापासून क्रमानेच ऐकायला हवी. नुसता शेवट ऐकलात तर माझ्याबद्दल गैरसमज होईल. सगळं ऐकल्यावर जो होईल तो समज.

तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, नेमकं काय काम करते असं मी लग्न ठरवताना विचारलं तेव्हा तुम्ही हाताने हवेत एक मोठं वर्तुळ काढून "कॉम्प्युटरमध्ये" असं सांगितलं होतं. चार वर्षं मीही लोकांना तेच वर्तुळ काढून दाखवत होतो. गेल्या तीन महिन्यांत मला पत्ता लागला की ती चक्क स्टोअरकीपर आहे! म्हणजे ती स्वतः नाही. ती आणि तिची कंपनी मिळून एक स्टोअरकीपर बनवतात. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तुम्ही त्याला म्हणायचं, अमुक प्रोग्राम आणून बसव. तो जातो, आणतो, बसवतो. त्या प्रोग्रामला दुसरा एखादा प्रोग्राम लागत असेल तर तोही आणतो, आणि त्या दुसऱ्याला लागणारा तिसराही. नको झालं की सगळं काढून जागा मोकळी करून देतो. हे ऐकून माझे डोळे भरून आले. चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी दुसरं काय केलं? पंप मागायला आलेल्या माणसाला नट, बोल्ट आणि वॉशर मी न मागता देत होतो. आणि इथे तेच काम करणाऱ्या प्रोग्रामला लोक डोक्यावर घेतात.

मी त्या कामात कसा शिरलो, हेही सांगायला हवं. निवृत्तीनंतर आमच्या हिने मला स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलं. (मी डब्यांना नंबर दिले होते आणि साखर काढताना चिठ्ठीवर सही मागितली होती. फक्त एकदा.) त्यामुळे मी मागच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायला लागलो. त्या खोलीत सूनबाईचं घरून काम चालतं. ती पडद्याकडे बघायची आणि मी तिच्या पाठीकडे. तीन दिवसांनी तिने वळून विचारलं, "अण्णा, तुम्हाला काही हवंय का?" मी म्हटलं, "काम." योगायोग असा की तपासणीचं काम करणारा तिचा सहकारी त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला होता. तिने आपला जुना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला.

आता तपासणी म्हणजे काय? नवा स्टोअरकीपर लोकांच्या हाती देण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची. पण ही परीक्षा खऱ्या घरात घेऊन चालत नाही, कारण खऱ्या घरात सामान आधीच पडलेलं असतं. त्याने नट आणला की तो कोपऱ्यात होताच, हे कसं कळणार? म्हणून लॅपटॉपमध्ये एक खोटं घर बांधायचं. कोरं, रिकामं, खिळासुद्धा नसलेलं. त्यात स्टोअरकीपरला सोडायचा, एक वस्तू मागायची, ती जागेवर लागली का बघायचं, काढायला सांगायची, मागे काही उरलं का बघायचं आणि शेवटी ते घर जमीनदोस्त करायचं. पुढच्या टेस्टसाठी पुन्हा नवं घर. हे सगळं शेल नावाच्या काळ्या खिडकीत एका ओळीला एक हुकूम अशा भाषेत लिहून ठेवायचं. त्या कागदाला स्क्रिप्ट म्हणतात. अशा एकूण दोनशे बारा टेस्ट होत्या. मी रोज सकाळी आंघोळ करून बसायचो, स्क्रिप्ट चालवायचो, आणि खाली दोनशे बारा वेळा हिरव्या अक्षरांत 'ठीक' उमटायचं. मी ते वहीत उतरवून सूनबाईला सही करायला द्यायचो. बिचारी करायची.

बाराव्या दिवशी मला खटकलं. व्याहीबुवा, चौतीस वर्षांत एकदाही माझ्या रजिस्टरातला आकडा आणि फळीवरचा माल तंतोतंत जुळला नाही. जुळला असता तर मी आधी घाबरलो असतो. मग इथे रोज दोनशे बारापैकी दोनशे बारा? मी गुपचूप एक टेस्ट स्वतः लिहिली. स्टोअरकीपरला सांगितलं, 'सासऱ्याची अक्कल' नावाचं पॅकेज शोधून आण आणि बसव. असं पॅकेज जगात कुठेही नाही. (आमच्या हिचंही तेच मत पडलं.) स्क्रिप्ट चालवली. उत्तर आलं, 'ठीक'. क्षणभर मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी सूनबाईला हाक मारली.

तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पंधरा मिनिटांत तिने चूक शोधून काढली. शेल शेवटच्या ओळीचा निकाल हाच सगळ्या कामाचा निकाल धरतो. आमच्या प्रत्येक टेस्टची शेवटची ओळ होती, 'झालं म्हणून सांग'. सांगायचं काम नेहमीच नीट व्हायचं. वर पंप फुटो, छप्पर पडो, "झालं" एवढं बोलता आलं की निकाल ठीक! म्हणजे मी येण्याच्या आधीपासून दोन महिने ही स्क्रिप्ट स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन स्वतःची पाठ थोपटून घेत होती. (अशा सभा मी कारखान्यात खूप पाहिल्यात, पण तिथे निदान चहा मिळायचा.)

नवा स्टोअरकीपर बाजारात यायला तेव्हा आठ दिवस उरले होते. सूनबाईच्या साहेबांना घरात आम्ही 'झालंका साहेब' म्हणतो, कारण त्यांचा प्रत्येक निरोप "झालं का?" एवढाच असतो. ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं, आणि तिच्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. तिने फोन उचलला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला. (स्पीकरवर नसता तरी ऐकला असता.)

"कालपर्यंत सगळं हिरवं होतं ना?" साहेब म्हणाले.

"हो. काहीही केलं तरी हिरवंच येत होतं."

"मग हात कशाला लावलात? झालं होतं की!"

"झालं नव्हतं, सर," तुमची लेक म्हणाली. "झालं असं फक्त लिहिलेलं होतं."

व्याहीबुवा, त्या वेळी तुम्ही इथे असायला हवे होतात. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. का, ते मलाही कळलं नाही.

साहेबांनी चिडून त्या आठ दिवसांवर एकही दिवस वाढवून दिला नाही. तिने प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ घातली, की पहिली चूक दिसली तिथेच थांब. पुन्हा चालवलं, तर दोनशे बारापैकी एकसष्ट टेस्ट लाल. एक प्रोग्राम काढायला सांगितला तर आमचा स्टोअरकीपर शेजारच्या प्रोग्रामचे वॉशरही उपटून नेत होता, आणि हे ध्यान आम्ही लोकांच्या घरात सोडणार होतो! मग कामाला जुंपलो. ती चुका दुरुस्त करायची, मी टेस्ट चालवायचो. एकसष्टाचे चव्वेचाळीस झाले, चव्वेचाळीसाचे एकोणीस. माझ्यावर विश्वास बसला म्हणून तिने सफाईची स्क्रिप्ट, म्हणजे टेस्ट संपल्यावर खोटं घर पाडायचं खातं, स्वतंत्रपणे माझ्याकडे सोपवलं.

आता जरा तुमच्याबद्दल. माझ्या मागच्या पत्रात मी 'खोटं' असा शब्द लिहिला होता. तुम्ही तो लाल शाईने अधोरेखित करून, समासात "लेखनात 'खोटे' असे हवे" असा शेरा मारून ते पत्र मला परत पाठवलंत. मी ते मनाला लावून घेतलं. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या घराचं नाव इंग्रजी अक्षरांत 'खोटं घर' असंच होतं. मी माझ्या सफाईच्या स्क्रिप्टमध्ये ते शुद्ध करून 'खोटे घर' केलं. एका अक्षराचा फरक. घर बांधणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ते अशुद्धच राहिलं. मी तुम्हाला दोष देत नाही. मी फक्त क्रम सांगतोय. (या पत्रात मी मुद्दाम सगळीकडे 'खोटं' लिहितोय, याची नोंद घ्यावी.)

शेलचा एक स्वभाव मला तेव्हा ठाऊक नव्हता. त्याला अनोळखी नाव सांगितलं तर तो "हे कोण?" असं विचारत नाही. ते नाव कोरं आहे असं समजून पुढे जातो. माझी स्क्रिप्ट म्हणाली, 'खोटे घर' या पत्त्यावर जा आणि तिथलं सगळं काढून टाक. 'खोटे घर' नावाचं काहीच नव्हतं, म्हणून शेलला ऐकू आलं, "जा." आणि पत्ता न देता नुसतं "जा" म्हटलं की शेल कुठे जातो? सरळ स्वतःच्या घरी. खऱ्या घरी. वाटेत कुठेही चूक झाली नाही, त्यामुळे ती 'चूक दिसली की थांब' वाली ओळही गप्पच राहिली.

दुपारचे सव्वातीन झाले होते. सूनबाई मीटिंगला ऑफिसात गेली होती आणि ही आत पडली होती. मी बटण दाबलं. एरवी सफाईला दोन सेकंद लागतात. त्या दिवशी चांगली अकरा लागली. मी समाधानाने मान डोलावली, म्हटलं आज कसून चाललंय काम. मग पडद्यावरची चित्रं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. शेवटी खाली उमटलं, 'ठीक'.

लॅपटॉपमध्ये काय काय होतं ते आता सांगतो. सूनबाईचं कामाचं सगळं रोज ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातं, ते शाबूत आहे. फोटो तिच्या फोनवरही आहेत. दुसरी प्रत कुठेच नाही, असं त्यात एकच फोल्डर होतं. त्याचं नाव 'बाबा'.

होय, व्याहीबुवा. तुमचं आत्मचरित्र. सहाशे चाळीस पानं. तुमच्या वरच्या मजल्यावरची टाकी फुटून तुमचा कॉम्प्युटर आणि टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह दोन्ही भिजले, तेव्हा तुम्ही फोनवर "हरकत नाही, लेकीकडे आहे" असं म्हणाला होतात, ते मला शब्द न् शब्द आठवतंय. आठवायला नको असं खूप वाटतं.

सूनबाई संध्याकाळी आली. मी दारातच सगळं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लॅपटॉपसमोर बसली, थोडा वेळ काहीबाही टाइप केलं, मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "आईच्या आजारपणाची तीस पानं मी अजून वाचली नव्हती, अण्णा. धीरच होत नव्हता. म्हटलं, आहेत की, वाचीन कधीतरी." मग उठली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेली. वहिनी गेल्यानंतर दोन वर्षं तुम्ही त्या लिखाणाच्या आधारावर काढलीत, हे मला ठाऊक नाही असं समजू नका. तो चहा मी तसाच गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. पुसलेलं परत आणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. दोन दिवसांनी त्याने मोठ्या अभिमानाने एका मांजराचे एकशे चौदा फोटो काढून दिले. मांजर कुणाचं, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. तुमचं असल्यास कळवावं.

आठव्या दिवशी दोनशे बारा टेस्ट खरोखरच्या हिरव्या झाल्या. माझी 'सासऱ्याची अक्कल' ही टेस्ट दोनशे तेरावी म्हणून सूनबाईने ठेवली; पॅकेज मिळत नाही असं स्टोअरकीपरने कबूल केलं, तरच ती पास होते. अनोळखी नाव दिसताच थांब, अशी आणखी एक ओळही तिने घातली. ती आठवडाभर आधी घातली असती तर हे पत्र एका पानात संपलं असतं. झालंका साहेबांचा निरोप आला, "झालं का?" तिने "झालं" असं उत्तर पाठवलं आणि लॅपटॉप मिटून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

गेले सहा दिवस तुम्ही फोनवर "कुठवर आलीस?" विचारता आणि ती "वाचतेय, बाबा" म्हणते. रविवारी खरं सांगते म्हणाली. मी म्हटलं, ज्याच्या हातून घडलं त्याने सांगायचं. म्हणून हे पत्र. क्षमा मागायला शब्द नाहीत, असं म्हणतात. माझ्याकडे होते, तुम्ही बघताच आहात, पण एवढे सगळे वापरूनही ती मागता आली असं वाटत नाही. जे म्हणायचं असेल ते मला म्हणा. तिला काही बोलू नका.

तुमचा अपराधी,
व्याही

ता. क. मनात आलं ते लिहूनच टाकतो. महिनाभर इकडे या. तुम्ही सांगा, मी लिहितो. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलंय, माझा हात भराभर चालतो आणि मी मध्ये मत देत नाही. (कमी देतो.) आमच्याकडे लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्याची सबब चालणार नाही. सूनबाईने तुम्हाला सहा वेळा बोलावलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही "सध्या लेखन चालू आहे" असं कळवलंत. सध्या ते चालू नाही. (हे वाक्य फार लागलं तर मी खोडलं असं समजावं.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आमचे चिरंजीव, म्हणजे तुमचे जावई, दौऱ्यावरून परत आले. जेवताना विषय निघाला. त्याने घास चावत फोन पुढे केला. सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस पानं त्यात! दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपवरून उतरवून घेतली होती आणि रोज बसमध्ये वाचत होता. चारशे बारापर्यंत आलाय. वहिनींची तीस पानं त्याने दोनदा वाचलीत. गेला महिनाभर तो दौऱ्यावरून रोज आपल्या आईला फोन करायचा, आम्हाला वाटायचं याचं पोट बिघडलंय. आधी का नाही बोललास, असं विचारलं तर म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही." सूनबाई त्याचा फोन घेऊन मागच्या खोलीत गेलीय, दार लावून बसलीय. आम्ही कुणी हाक मारत नाही. तेव्हा वरची सगळी पानं रद्द समजावीत. पुन्हा लिहीत नाही, बोटं दुखतात.

शेवटचा ता. क. तिने फोन माझ्या हाती दिला तेव्हा मी आधी लग्नाचं प्रकरण काढलं. पान तीनशे अकरा. "वरपिता हा इसम लग्नमंडपात प्रत्येक पंगतीनंतर खुर्च्या मोजीत हिंडत होता, जणू त्या आम्ही सोबत नेणार होतो." व्याहीबुवा, मी मोजत होतो कारण त्या कमी भरत होत्या. तुम्ही पुढे लिहिलंय की खुर्च्या दोनशे होत्या आणि दोनशेच भरल्या. खुर्च्या एकशे अठ्ठ्याण्णव होत्या. माझ्याकडे त्या दिवसाची वही आहे. हा मुद्दा पोस्टाने मिटणारा नाही. तेव्हा लिहायला म्हणून नको, राहायला म्हणून नको, भांडायला का होईना, पण या.